सासरे, सून आणि सरकारची जाहिरात

आमच्या घरात सासरे सुनेशी बोलत नसत. भांडण नव्हतं काही, रीतच तशी होती. थेरगावातल्या जुन्या घरांमध्ये सासऱ्यानं सुनेकडं बघून बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही आणि डोक्यावरचा पदर तर घसरूच द्यायचा नाही. मी निघोजेची, शेतकऱ्याचीच पोर, त्यामुळं रीत मला ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. माझी जीभ लहानपणापासून जरा लांबच.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, काही हवं असलं की ते भिंतीला सांगायचे. "पाणी तापलंय का न्हाई कुणास ठाव," असं भिंतीकडं बघून म्हणायचे. मग मी आतून परातीला सांगायची, "कधीचं तापलंय." परात काही बोलायची नाही, भिंतही नाही, पण मामांची अंघोळ होऊन जायची. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यात काही वावगं वाटत नसे. त्यांचंही सगळं आयुष्य असंच गेलं होतं.

मग घरात टीव्ही आला, आणि भिंतीची सुटका झाली.

टीव्ही आणला आमच्या ह्यांनी, कंपनीच्या बोनसमधून. लाकडी दारांची पेटी होती, चित्र काळं-पांढरं आणि चॅनल एकच. संध्याकाळी मामा समोर बाजेवर बसायचे, आत्याबाई खाली पाटावर, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी. मालिका, बातम्या, सिनेमा यातलं मामांना कशाचंच कौतुक नव्हतं. ते वाट बघायचे मधल्या जाहिरातींची. साबणाच्या आणि चहाच्या जाहिराती नाहीत, त्यांना ते 'येपाऱ्याचं' म्हणायचे. त्यांना आवडायच्या त्या सरकारच्या. पोरांना डोस पाजा, झाडं लावा, आयाबायांना लिहायला शिकवा. "इकायचं न्हाई काय न्हाई, फुकट शाणपण सांगतोय बिचारा," म्हणायचे. जाहिरात हिंदीतून असायची आणि मामांचं हिंदी बाजारापुरतं, पण अर्थ मात्र ते सगळ्या घराला मराठीतून समजावून द्यायचे. मूळ जाहिरात संपली तरी यांचं चालूच.

त्यातच मला कळलं की मामा टीव्हीकडं बघून जे बोलतात ते टीव्हीला नसतंच, ते मला असतं.

माझ्या थोरल्या मुलीला एकदा जुलाब लागले. त्या काळी टीव्हीवर मीठ-साखरेच्या पाण्याची जाहिरात सारखी लागायची. मामा टीव्हीकडं बोट करून म्हणाले, "ऐका जरा. पाणी उकळून गार करा म्हणतोय. चिमूटभर मीठ म्हणतोय." मी दारातून टीव्हीलाच उत्तर दिलं, "सकाळपासून तेच पाजतेय म्हणावं." मामांनी मान डोलावली, जणू टीव्हीनंच खुलासा केला. पोरगी बरी झाली. मामांना त्या पाण्याचा इतका गुण वाटला की पुढच्या आठवड्यात म्हैस ढिली पडली तर त्यांनी तिला बादलीभर तेच करून पाजलं. म्हशीनं मिठाच्या आशेनं बादली चाटून पुसून ठेवली. त्यावरून त्यांनी गावभर सांगितलं की सरकारचं औषध जनावरालाही लागू पडतं.

अडचण एकाच जाहिरातीची होती. ती लाल त्रिकोणाची, छोट्या कुटुंबाची. ती लागली की घरात सगळ्यांना एकदम कामं आठवायची. आत्याबाई लसूण सोलायला घ्यायच्या, आमचे हे शिफ्टच्या बुटांना पॉलिश करायला लागायचे आणि मामा उठून म्हणायचे, "म्हशीला बघून येतो." जाहिरात संपली की परत. त्या दिवसांत आमच्या म्हशीची जेवढी विचारपूस झाली तेवढी गावात कुठल्या पाहुण्याचीही झाली नसेल.

मला टीव्हीचा असा फायदा कळल्यावर मी काय सोडते. बायकांनी शिकावं अशी जाहिरात लागली आणि मामा म्हणाले, "बरोबर बोलतोय." मी लगेच दारातून म्हणाले, "नुसतं बरोबर बोलून काय होतंय? डांगे चौकात शिवणाचा क्लास निघालाय. तिथं सुनांना पाठवतात का, विचारा म्हणावं त्याला." आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की त्या रात्री भाकरी घशाखाली उतरेना. सकाळी मात्र मामा आत्याबाईंना म्हणाले, "जाऊ दे तिला. टीव्हीवर सांगत्यात म्हंजे काय उगंच न्हाई." मी शिवण शिकले. आजही आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडंच असतात.

पण खरी गोष्ट पुढची. मला दुसरीही मुलगीच झाली. आत्याबाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. वंशाला दिवा हवा, तिसरं होऊ दे, असं त्यांचं उठता-बसता सुरू झालं. ह्यांना विचारावं तर हे आईपुढं मुके. माझं बाळंतपण अवघड गेलं होतं, मला पुन्हा त्या वाटेला जायची भीती वाटायची. पण सांगणार कुणाला? एका संध्याकाळी टीव्हीवर तीच त्रिकोणाची जाहिरात लागली. आत्याबाईंनी लसूण पुढं ओढला, ह्यांनी बूट उचलले. मी मामा उठायची वाट बघत होते. मामा उठले नाहीत. कान लाल झाले त्यांचे, पण बाज सोडली नाही. जाहिरात संपेपर्यंत बघितली आणि टीव्हीला म्हणाले, "दोन पुरं म्हणतोय. पोरगा काय आन् पोरगी काय म्हणतोय. सरकार काय येडं हाय व्हय? ह्या घरात आता ह्यो इषय पुन्यांदा निघाया नको."

निघाला नाही. मी आत जाऊन पिठाच्या डब्याआड पोटभर रडले. या माणसाचं मला फार वाटायला लागलं ते तेव्हापासून. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी कधी एवढं तोंड उघडलं नव्हतं.

वर्षं गेली. शेतात इमारती उभ्या राहिल्या, आमचंही घर तीन मजली झालं, खाली भाडेकरू आले. म्हैस गेली, पुढं आत्याबाईही गेल्या. टीव्ही रंगीत झाला, मग भिंतीएवढा झाला, चॅनल शेकड्यांनी आले. मामा मात्र त्यातूनही सरकारच्या जाहिराती हुडकून काढायचे. हेल्मेटची जाहिरात लागल्यावर त्यांनी गांधी टोपीवर हेल्मेट घालायला सुरुवात केली आणि चौकातले पोलीसही त्यांना बघून हसायचे. हात धुण्याची लागली तेव्हा सदऱ्याच्या खिशात साबणाची वडी घेऊन लग्नाला गेले. आणि एवढ्या वर्षांत ते माझ्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. मुली इंग्रजी शाळेत गेल्या, थोरली हिंजवडीला नोकरीला लागली. ती मला म्हणायची, "आई, तुम्ही दोघं भांडलाय का?" आता तिला काय सांगू? आमचं तर रोज बोलणं व्हायचं.

मग मामा चॅनल बदलायला लागले.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. रिमोट त्यांच्याच हातात असायचा. पण एक जाहिरात ते कधी पुरी होऊ द्यायचे नाहीत. तंबाखू खाणाऱ्या माणसाची. त्याचा तो गाल, ते तोंड, शेजारी त्याची बायको. ती सुरू झाली रे झाली की मामांचा अंगठा चालायचा. मग कीर्तन लागो, कुस्ती लागो नाहीतर इंग्रजी बातम्या, ते एकाग्र होऊन बघत बसायचे. ज्या माणसानं, ती त्रिकोणाची सोडली तर, सरकारची जाहिरात कधी देवाच्या आरतीसारखी चुकवली नव्हती, तो ही एकच चुकवत होता.

मामा पंचवीस-तीस वर्षं गालात तंबाखूचा बार भरून असायचे. बोलायचेही तो बार सांभाळून, अर्धे शब्द आत ठेवून. मी नीट बघायला लागले. ठेचा त्यांनी बंद केला होता. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले होते. जांभई देताना हात आडवा धरायचे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वय झालंय, दाढ दुखत असंल." बापाला विचारलं का म्हटलं, तर विचारलं होतं म्हणे, आणि बाप म्हणाला होता दाढ दुखतीय. दोन पुरुषांनी मिळून एकमेकांचं समाधान करून टाकलं. माझा असा संताप झाला की दोघांनाही समोर बसवून झापावं, पण एकासमोर मी बोलू शकत नव्हते आणि दुसरा कानावर घेत नव्हता.

म्हणून मी नेहमीची वाट धरली. ती जाहिरात चुकून थोडी दिसली की दारातून टीव्हीला म्हणायची, "सुरुवातीला डॉक्टरला दाखवलं तर बरं होतं म्हणतोय." मामा टीव्हीलाच म्हणायचे, "लई शाणा झालायस," आणि खटकन चॅनल बदलायचे. मी रिमोटमधले सेल काढून तांदळाच्या डब्यात टाकले. मामांनी भाडेकरूंच्या पोरासाठी बैलपोळ्याला आणलेल्या खेळण्यातले सेल काढून घातले. मी तेही काढले.

त्या दुपारी हे पहिल्या पाळीला गेले होते, घरात आम्ही दोघंच. जाहिरात लागली. मामांनी रिमोट दाबला, आपटला, पुन्हा दाबला. तो माणूस टीव्हीवर तोंड उघडून दाखवत होता. मामा बाजेवरून उठले, भिंतीजवळ गेले आणि टीव्हीची वायरच उपटली. मग परत येऊन बसले, पाठ माझ्याकडं करून.

मला वाटलं, आता बोलू नये. पण आज नाही बोलले तर हा माणूस जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. सवयीनं मी टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "दवाखान्यात जाऊन तोंड दाखवा म्हणतोय."

मामांनी काळ्या पडद्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बंद हाय त्यो. कोण म्हणतंय?"

मी दार सोडलं. बाजेला वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. पदर कुठं होता कुणास ठाऊक. "मी म्हणतेय, मामा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे घारे होते त्यांचे. एवढ्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.

"बाहेरनं दिसतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई दिसत. पण तुम्ही चॅनल बदलता ते दिसतंय की."

ते हसायला गेले आणि दुखलं म्हणून थांबले. गालावर हात ठेवून खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "भ्या वाटतं गं पोरी."

"मला बी वाटतंय," मी म्हणाले. "उठा, टोपी घाला." आणि ते उठले.

चौकातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासणी झाली, जे नको होतं तेच निघालं, पण अजून फार पसरलं नव्हतं. उशीर केला असता तर अवघड होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. गालाचा आणि जिभेचा थोडा भाग काढावा लागला. ऑपरेशन होईस्तोवर आमच्या ह्यांनी एवढ्या फेऱ्या मारल्या की सिस्टरनं त्यांना खाली चहा प्यायला पाठवून दिलं. मी मात्र जागची हलले नाही.

जखम भरत आल्यावर एका सकाळी डॉक्टर राउंडला आले. बरोबर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. खाटेच्या एका बाजूला हे बसलेले, दुसऱ्या बाजूला मी उभी. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता काहीतरी बोलून दाखवा बघू. काय मनात येईल ते."

मामांनी ओठ हलवले. गुरगुरल्यासारखा आवाज आला, पुढं काही शब्द, सगळे एकात एक मिसळलेले. डॉक्टरांनी कान जवळ नेला, त्यांना उमगलं नाही. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. सख्खा मुलगा, पण ह्यांनीही मान हलवली. मामांचे डोळे भरून आले, त्यांना वाटलं असावं की आता आपलं बोलणं संपलंच.

मला कळलं होतं. अक्षर न् अक्षर कळलं होतं. गालात बार धरून, भिंतीकडं तोंड करून, अर्धं गिळून बोललेलं त्यांचं बोलणं मी दाराआडून उभा जन्म उचललं होतं. माझ्यासाठी हे त्याहून अवघड नव्हतं.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मामा माझ्याकडंच बघत होते, सगळ्यांच्या देखत. मी म्हणाले, "ते म्हणतायत, माझी सून सकाळपासनं उभी हाय. तिला आधी खुर्ची द्या."