शिशाचा खिळा

गल्लीत त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. उमेदीची वर्षं स्टोव्ह दुरुस्त करण्यात गेली, आणि घरोघरचे स्टोव्ह अडगळीत गेले तेव्हा काकांनी खाणीतले जुने दिवे हाती घेतले. दिवा कसला, पितळेचा बुटका डबाच तो. खाली तेलाची टाकी, मधे जाड काच, वर तारेची बारीक जाळी. ज्योतीची धग त्या जाळीतच जिरते, बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही, म्हणून खाण भडकत नाही. हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवत की आतून काकू म्हणत, "झालं यांचं सुरू!"

कामात मात्र काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त स्वतः काकांनाच ठाऊक होती. काळाकुट्ट दिवा आणून द्या, आरसा घेऊन जा.

म्हणूनच त्या बाई दिवा घेऊन आल्या आणि "नुसती धूळ झटका, बाकी आहे तसा राहू दे" म्हणाल्या, तेव्हा काकांना हसू आलं. स्फोटात गेलेल्या वडिलांचा दिवा. त्यांच्या एका सोबत्याने माळ्यावर लपवून ठेवला होता, तो वारल्यावर परवा त्याच्या सुनेने आणून दिला, एवढंच बाई बोलल्या. आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं, त्या संकोचल्या. काकांनी मनात म्हटलं, हिला काय कळतंय पितळेतलं! असा लखलखीत करून देतो की बघतच राहील.

आणि दिला की! बाई परत आल्या तेव्हा दिवा टेबलावर झळकत होता आणि काका कौतुकाची वाट बघत उभे होते. बाईंनी दिवा उचलला, फिरवला, टाकीच्या कडेवरून बोट नेलं आणि तिथेच थांबल्या.

"इथलं शिसं कुठंय?"

खाणीत उतरण्याआधी दिवा पेटवून टाकी घट्ट बसवत, तिच्या कडीत शिशाचा खिळा ठोकत आणि त्यावर शिक्का मारत. खाली कुणी दिवा उघडला, तर ते शिसं तुटल्याशिवाय राहायचं नाही. हे काकांना ठाऊक नसेल तर कुणाला? आणि तेच शिसं त्यांनी पक्कडीने कापून टाकलं होतं. दर दिव्याचं कापत तसंच, काकूंशी कशावरून तरी हुज्जत घालता घालता.

"खाणीचे साहेब म्हणाले होते, बाबांनी सिगारेट पेटवायला दिवा उघडला, म्हणून स्फोट झाला," बाई म्हणाल्या. "शाळेत मला सिगारेटवाल्याची पोरगी म्हणायचे, काका. बाबांचे सोबती सांगायचे की शिसं शाबूत होतं, पण नोकरीच्या भीतीने चारचौघांत कुणी तोंड उघडलं नाही. मला काजळीत काही दिसेना, म्हणून तर धूळ झटकायला सांगितली. तुम्ही पाहिलंत ना? अखंड होतं ना ते?"

दाराआडून काकू खुणा करत होत्या, हो म्हणा आणि मोकळे व्हा. काकांच्या ओठांवर 'हो' आलंही. त्यांनी आठवून पाहिलं. पक्कड आठवली, काकूंचं बोलणं आठवलं. शिसं काही केल्या आठवेना.

"मी बघितलंच नाही," ते म्हणाले. मान खाली गेली ती वर येईना. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"साहेबांनीही बघितलं नव्हतं," बाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

काकांनी घाईघाईने भंगाराचा डबा टेबलावर पालथा केला. कितीतरी दिव्यांचं शिसं त्यात पडलं होतं, चेपलेले करडे तुकडे, शिक्के पुसलेले, कुठला कुणाचा काही पत्ता नाही. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, एकेक तुकडा उजेडात धरला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "सगळेच द्या मला. यातला एक तर बाबांचा असेल."

काकांनी तुकडे वेचून त्यांच्या रुमालात घातले. बाईंनी गाठ मारली आणि लखलखीत दिवा टेबलावरच ठेवून त्या निघून गेल्या.