उंच मानेच्या घोड्याचं तोरण

लेक दहा वर्षांची असताना सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना विषय एकच: ती ज्याच्यावर बसायला शिकत होती तो तांबूस, म्हातारा घोडा. अमेरिकन सॅडलब्रेड. मी अकाउंटंट माणूस, पण त्या जातीची सगळी माहिती पाठ केली. केंटकीचे मळेवाले दिवसदिवस खोगिरावर असत. त्यांचं अंग आंबू नये म्हणून मऊ चालीच्या घोड्यांचा शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांशी संकर करत ही जात घडवली. एका वेळी एकच पाय टेकणारी चाल, वर बसलेल्याला धक्का म्हणून नाही. आणि मान खांद्यांतून सरळ वर निघालेली. भेटेल त्या मराठी माणसाला मी हे ऐकवायचो. ऐकणारे कंटाळायचे, मी नाही.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. सिंगापुरात गाडी परवडते कोणाला? म्हटलं, यंदा घोड्याची करू. लिटल इंडियातून झेंडू आणला, नायलॉनच्या दोऱ्यात तोरण ओवलं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या मानेला कुंकू लावायला हसून परवानगी दिली. तोरण मात्र त्या गेल्यावर मी तबेल्यातल्या त्याच्या कप्प्याच्या दारावर बांधलं, कुणाला न विचारता.

"बाबा, ही कॅन रीच लाह," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"अगं, घोडा आहे तो, जिराफ नाही." मी गाठ आवळली.

जी मान जगाला सांगत फिरलो, ती नेमकी तेव्हा आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तो पोटदुखीनं लोळत होता. दारावर तोरणाचा वीतभर तुकडा लोंबत होता, बाकी सगळं दोऱ्यासकट त्याच्या पोटात. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरलं. लेकीनं त्याच्या मानेवर गाल टेकला. मानेवरचं कुंकू तिच्या गालाला लागलं.

सगळं संपल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कोणी बांधलं?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मी."

मी खाली बघत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. बाईंनी तिला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हाही नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

घरी येताना बसमध्ये मी विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

गालावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं.

"यू लुक्ड सो स्केअर्ड, बाबा," ती म्हणाली. त्यानंतर ती कुठल्याच घोड्यावर बसली नाही.