पुलाखालच्या फाल्टबुवाची झोप

पूल उभा राहायच्या आधीच त्याच्यावरून भांडण जुंपलं, आणि ते अंजनाबाईनं अगदी पुढच्या रांगेत उभं राहून ऐकलं. माहुलच्या अंगाला खाडीवर नवा पूल व्हायचा होता. नुकताच कोयनेचा भूकंप होऊन गेलेला. त्या पहाटे कोळीवाड्यातली भांडी फळीवरून खाली आली होती, आणि माणसांची डोकी अजून जागेवर यायची होती. पुलाचे दोन इंजिनिअर साहेब पँटी दुमडून चिखलात उभे होते. अंजनाबाई त्यांना कोलंबी विकायला गेली होती, पण साहेबलोकांचं भांडण काय रोज ऐकायला मिळतं? तिनं टोपली खाली ठेवली.

"खाली फॉल्ट आहे, फॉल्ट!" म्हातारे साहेब ओरडले. "त्याच्या उरावर पूल बांधणार तुम्ही?"

"अहो, झोपलाय तो," तरुण नंदकिशोर साहेब म्हणाले. "युगं लोटली, झोपलाय."

"आणि उठला म्हणजे?"

"नाही उठत. कूस बदललीच, तर रबराच्या गाद्या घालतोय ना आपण!"

आता साहेबांचा फॉल्ट म्हणजे जमिनीखालच्या खडकाला पडलेली जुनी भेग. पूर्वी कधीतरी तिथं खडक सरकला, मग गप्प बसला. गाद्या म्हणजे खांबाच्या डोक्यावर ठेवायचे रबराचे जाड ठोकळे. जमीन हलली तर पुलानं जरा सरकावं, मोडू नये, एवढ्यासाठी. पण हे अंजनाबाईला कोण सांगणार? तिला कळलं ते असं, की खाडीखाली फाल्ट नावाचा कुणी बुवा झोपलाय, आणि सरकार त्याला गाद्या पुरवतंय.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. धर्मा जाळं शिवत होता. तो म्हणाला, "जलमभर चटईवर निजतोय मी. मना कोणी रबराची गादी नाय दिली."

"तुम्ही उठल्यावर पूल पडतो काय?" अंजनाबाई म्हणाली, आणि विषय संपला.

आता अंजनाबाईच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. ती घाटकोपरच्या बाजारात "ताजं बोंबीऽऽल" म्हणाली, की चेंबूरच्या मांजरी वाटेला लागायच्या. अशी ही बाई, पण पूल सुरू झाल्यापासून त्याच्या तोंडाशी आली की चपला काढून टोपलीवर ठेवायची, पदर दातात धरायची आणि चवड्यांवर चालायची. मध्यावर पुलाला बोटभर फट ठेवली होती, उन्हात पूल फुगतो म्हणून. अंजनाबाईच्या मते ती बुवाला वारा लागावा म्हणून होती. त्या फटीत ती चिमूटभर सुका जवळा सोडायची. न जाणो, उठलाच, तर उपाशीपोटी उठायला नको. उपाशी पुरुष कसा उठतो, हे तिला धर्मामुळे चांगलं ठाऊक होतं.

मथुरा तिची बाजारातली वैरीण. राहायला खाडीपलीकडे, पण मासळी उतरायची अलीकडे आणि बस मिळायची पलीकडे, म्हणून दोघींची वाट एकच. बाजारात नळाजवळची जागा कुणाची, यावरून त्यांचं भांडण रोज ताजं असायचं, मासळी एखाद्या दिवशी नसली तरी. पुलापर्यंत कडाकडा भांडायच्या. पुलावर अंजनाबाई गप्प. एकटीनं भांडायचं किती? मथुराही धुसफुसत गप्प व्हायची. पलीकडे चपला पायात गेल्या, की भांडण तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू.

या सगळ्यात अंजनाबाईची सगुणा आणि मथुरेचा लहू यांनी आपसांत कधी जमवलं, ते दोघींना कळलंच नाही. आयांचं लक्ष नळाकडे होतं ना!

लग्न मुलीच्या दारी लागलं. ऊन कलल्यावर वरात वाजतगाजत निघाली ती पुलाशी येऊन थांबली. पुलाच्या तोंडाशी अंजनाबाई दोन्ही हात पसरून उभी.

"वाजप बंद! नि चपला हातात घ्या!"

मथुरा पुढं आली. "काय गो? माझा एकुलता एक पोरगा बायको घेऊन घरी येतोय, नि मुक्यानं नेऊ? वरात हाय का मयत?"

"खाली बुवा झोपलाय."

"तुझ्या बुवाला घाल खाडीत!"

"खाडीतच हाय तो!"

"मग ऐक. वाजलं नाय तर वरात पूल चढणार नाय. नि वरात चढली नाय, तर पोरगी ठेव तुझी तुझ्याकडं!"

सगुणेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आये, तुझा बुवा निजवता निजवता माझा संसार निजेल गो!"

लेकीचं तोंड बघून अंजनाबाईनं पसरलेले हात खाली घेतले. पण पोरगी अर्ध्या पुलावर असताना बुवा उठून बसला तर? नंदकिशोर साहेब कोलंबीच्या ओळखीनं लग्नाला आले होते. तिनं त्यांनाच गाठलं.

"साहेब, खरं सांगा. बँडनं उठेल का तो?"

साहेबांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते हसू दाबत म्हणाले, "बाई, तो माणूस नाही. दगडातली भेग आहे."

"मग भेगेला गाद्या कशाला?"

"गाद्या पुलाला आहेत."

"पूल कधी झोपतो? दिवसभर गाड्या जातात त्याच्यावरनं!"

साहेब पानाची पिंक टाकायला बाजूला गेले.

अंजनाबाई विचारात पडली. घरात गलका असला तर निजलेल्या पोराला काय करतात? ती मथुरेकडे वळली. "लहू तान्हा होता तवा कसा निजायचा गो?"

"पाळणा म्हटल्याबिगर डोळा मिटायचा नाय त्याचा," मथुरा फणकाऱ्यानं म्हणाली, आणि मग तीही थबकली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"मग तेच वाजवा!" दोघी एकदमच ओरडल्या. नळावरून भांडणाऱ्या दोघींचा आवाज एक झाला, तो तेव्हाच.

बँडवाला खंडू कपाळाला हात लावून म्हणाला, "वरातीत अंगाई? वाजवतो, पण कुणी आडवं झालं तर मला बोलायचं नाय."

आणि वरात पूल चढली. क्लॅरिनेटवर जो जो रे, ढोल हळूहळू थोपटल्यासारखा. नाचणारे झोका घेतल्यासारखे डुलत होते. करवल्या जांभया देत होत्या. मध्यावर अंजनाबाईनं फटीत जवळा सोडला आणि कान देऊन ऐकलं. बुवा गाढ. पण लहू त्या सुरावरच वाढलेला. नवरदेवाची मान सगुणेच्या खांद्यावर पडली आणि तो चक्क घोरायला लागला. सगुणेनं चिमटा काढला, तेव्हा कुठं मुंडावळ्या हलल्या.

"बघ, पोराचा कान अजून आयेचाच हाय!" मथुरा कौतुकानं म्हणाली.

"नशीब माझ्या पोरीचं!" अंजनाबाई कुजबुजली. पुलावर होती म्हणून कुजबुजली.

तेव्हापासून त्या पुलावरून कोळीवाड्याची कुठलीही वरात गेली, की अंगाई वाजायची. भेगेनंही कधी कूस बदलली नाही. साहेब श्रेय गाद्यांना द्यायचे, कोळणी अंगाईला.

पुढं अंजनाबाईनं बाजार सोडला, पण सगुणेला सुके बोंबील पोचवायचं काम सोडलं नाही. ती वारली त्याच्या आदल्या दिवशीही टोपली घेऊन निघाली. वाटेत मथुरा भेटली.

"काय गो मथुरा," अंजनाबाई लांबूनच गरजली, "त्या नळाजवळची जागा..."

पूल आला. तिनं चपला काढून टोपलीवर ठेवल्या. पदर दातात धरला. मध्यावर वाकून फटीत चिमूटभर जवळा सोडला. मथुरा मुकाट्यानं शेजारून चालत राहिली, तिच्याही चपला हातात. पलीकडे पोचल्यावर दोघी थांबल्या. अंजनाबाईनं चपला पायात सरकवल्या, टोपली डोक्यावर नीट बसवली.

"...माझीच होती!"