पुलाखालचा साहेब

१९८३ साली मी तीस वर्षांचा होतो. ट्रॅक्टरच्या ग्रीसचा वास आला की परंड्याजवळच्या ओढ्यावरचा ग्रीस माखलेला लोखंडी पूल आठवतो. जुना पूल पुरात वाहून गेला म्हणून पलटणीतल्या मराठी इंजिनिअर साहेबांनी तो बांधला. उद्घाटनाचा नारळ फुटला, पण मी माझी बैलगाडी अडवून धरली.

"साहेब, तुम्ही खाली उभं ऱ्हावा, मग माझी बैलं जातील."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"लोखंडावर न्हाय."

साहेब हसत खाली उतरले. गाडी पार झाली. वर येऊन खोबरं घेताना मात्र ते हळूच म्हणाले, "खाली जीव मुठीत धरून होतो."

पुढं ते जनरल झाले, असं नातू सांगतो. भ्याले होते, तर खाली उतरले कशाला? मला अजून उमगत न्हाय.

तेच कळावं म्हणून, गाडी पार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पुलाखाली जाऊन उभा राहिलो आन् बायकोला म्हणालो, "हाक गाडी."