न सांगता उलटी केलेली पिशवी

त्या काळात मी अंबरनाथच्या एमआयडीसीत तांब्याची तार काढणाऱ्या एका कंपनीत गेटवर होते. काम एकच. पाळी सुटली की बायकांना रांगेत उभं करायचं, हात बाजूला करायला लावायचे, अंग चाचपायचं, पिशव्या आणि डबे बघायचे. तारेचे तुकडे भाजीखाली जायचे, अंबाड्यात जायचे, एकीनं तर भाकरीच्या घडीत दडवले होते. तपासून झालं की म्हणायचं, "झालं, हात खाली घ्या." या कामानं माझा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा होता म्हणून ते काम मिळालं, देव जाणे. आई म्हणायची, ही पोरगी विहारात वंदनेला बसली तरी एक डोळा बाहेरच्या चपलांवर.

गेटवर मी एक गोष्ट शिकले होते. जिला सांगावं लागतं, कुरकुरत पिशवी उघडते, ती बहुतेक साधी बाई असते. जी न सांगता स्वतःच पिशवी उलटी करून दाखवते, "बघा ताई, बघा, काही नाही," तिचा डबा आधी उघडायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर बुवापाड्यातल्या घरात आम्ही दोघंच उरलो. माझं लग्न जमलं नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. आप्पा सरकारी फॅक्टरीत लाकडी खोक्यांवर अक्षरं रंगवायचे, तेवढाच त्यांचा आणि ब्रशचा संबंध. रिटायर झाल्यावर मात्र माणूस चित्रं काढायला लागला. रविवारी सकाळी डबा, पाण्याची बाटली, पेन्सिली आणि ड्रॉइंगचं पॅड कापडी पिशवीत टाकून निघायचे. आधी आपलं गावातलं शिवमंदिर झालं, मग उल्हासनगरातल्या मिलिटरीच्या जुन्या बराकी झाल्या. मग किल्ले, दीपगृहं, पडकी चर्चं करत करत ते समुद्रावर पोचले आणि तिथं अडकलेच. एक बंदर त्यांना फार आवडलं. नाव सांगत नाही, उगाच त्या गावाला बोल नको. तिथला जुना दगडी धक्का, मागचा बुरूज, होड्या. संध्याकाळी सुकट घेऊन यायचे आणि मी भाकऱ्या थापत असताना ओट्याशी उभे राहून बोलत सुटायचे. अमक्या होडीचा रंग बदलला, तमक्या कोळणीनं चित्रातलं आपलं नाक बघून शिव्या घातल्या. आई गेल्यापासून घरात हसू यायचं ते रविवारी रात्रीच.

मग एका दिवाळीनंतर काहीतरी बदललं. आप्पा रविवारी जायचे, पण आले की बोलायचे नाहीत. दारातून आत आले की पहिलं काम, पिशवी माझ्यासमोर कॉटवर उलटी करायची. "हे बघ, डबा. ही बाटली. या पेन्सिली." मी विचारलेलं नसताना! माझ्या डोक्यात लगेच गेटवरची घंटी वाजली.

मग मी बारीक बघायला लागले. चपलांना वाळूचा कण नाही. सुकट आणली, ती मी ओळखली, आपल्या स्टेशनजवळच्या मावशीकडची. ती जवळ्यात नेहमी खडे सोडते, दाताखाली आला आणि कळलं. चित्रात नुसताच समुद्र. ना कोळीण, ना जाळी ओढणारी पोरं, होडीत चिटपाखरू नाही.

"आप्पा, आज भरती होती की ओहोटी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भरती होती."

पुढच्या रविवारी परत विचारलं. भरती. त्याच्या पुढच्या रविवारीही भरतीच.

"दर रविवारी भरतीच कशी हो?"

"असते गं कधी कधी," म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं ते मला कळलं असं मला वाटलं. बाई. दुसरं काय असणार? आमच्याच गल्लीत एका रिटायर माणसानं बायको जाऊन वर्ष होत नाही तोवर दुसरी आणली होती. आईच्या साड्या अजून कपाटात होत्या. मला राग यायचा, आणि भांडी घासताना रडूही यायचं. आप्पा मला सोडून जातील ही भीती होती, पण तेव्हा मी तिला राग म्हणत होते.

एका रविवारी स्कार्फनं तोंड बांधलं आणि त्यांच्या मागं निघाले. आप्पा स्टेशनकडं वळलेच नाहीत. नाक्यावरून रिक्षा पकडली. मी मागची पकडली आणि म्हटलं, "भैया, उस रिक्षा के पीछे लो." त्यानं आरशातून मला नीट न्याहाळलं. "मॅडम, पुलिस में हो क्या?" म्हटलं, गप चला.

रिक्षा थांबली उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची गल्ली. रविवारमुळे मशीनं बंद, रस्त्यावर निळ्या कापडाच्या चिंध्या. आप्पा एका लोखंडी जिन्यानं वर गेले. जिन्याच्या पायथ्याशी लेडीज सँडल! माझं डोकंच फिरलं. धाडधाड वर चढले, दार ढकललं.

आत जीन्सचे ढीग. कटिंगच्या लांब टेबलाशी आप्पा बसलेले, समोर कोऱ्या कागदावर अर्धा समुद्र. भिंतीवर कुठल्याशा साडीच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर नारळाची झाडं आणि लाटा. सँडलवाली बाई साठीची होती, सिंधी. ती ताटलीत दाल-पकवान घेऊन आली आणि माझ्या बांधलेल्या तोंडाकडं बघून घाबरली. तिचा नवरा पुढं आला. हे काका फॅक्टरीत आप्पांबरोबर एकाच खात्यात होते, लहानपणी मला गोळ्या द्यायचे. मी स्कार्फ सोडला.

आप्पा मान खाली घालून लाटा काढत राहिले.

काकांनी मला खाली जिन्याशी नेलं. "बेटी, तेरे आप्पा ने कसम दी है, घर में मत बोलना. पर तू तो आ ही गई."

झालं होतं असं. लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाल्यानंतरचे ते दिवस. ज्याच्या त्याच्या हातातल्या पिशवीकडं लोक टकामका बघायचे. आप्पा नेहमीसारखे धक्क्यावर बसून धक्का आणि होड्या काढत होते. कुणीतरी कळवलं, एक म्हातारा बंदराचा नकाशा काढतोय. मग त्यांना चौकीत नेलं आणि अंधार पडेपर्यंत बसवलं. पिशवी टेबलावर उलटी केली, डबा उघडून भातात बोट घालून बघितलं. हात वर करून भिंतीशी उभं केलं. कुणी पाठवलं, नकाशा कुणासाठी, हेच परत परत. दाराबाहेर होडीवाले जमले होते, कोळणीही होत्या, यांनी ज्यांची चित्रं काढली होती तेच. पण "ह्यांना आम्ही ओळखतो" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. शेवटी कागद फाडले आणि जा म्हणाले.

"तब से गाड़ी में चढ़ता नहीं," काका म्हणाले. "इधर आता है, याद से समंदर बनाता है."

"मला का नाही सांगितलं?"

काका जिन्याचा कठडा पुसत राहिले. "बोला, लड़की गेट पे तलाशी लेती है. उसको किस मुँह से बोलूँ कि मेरी तलाशी हुई?"

घरापर्यंत आम्ही दोघं एकाच रिक्षात आलो.

पुढच्या रविवारी दोन डबे भरले. "आप्पा, उठा. समुद्रावर जायचंय."

"नको गं. गुडघा दुखतोय."

"उल्हासनगरचा जिना चढताना दुखत नव्हता तो? उठा म्हणते ना!"

गाडीत त्यांनी पिशवी पूर्ण वेळ मांडीवर घट्ट धरली होती. धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडलेल्या, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. आप्पा बराच वेळ नुसते बसले. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडं असं बघत होते की पोरं लांबूनच वळून जात होती. जन्मभराचा संशय एकदाचा कामाला लागला होता. या म्हणावं कोण येतो ते! हळूहळू आप्पांनी पॅड काढलं. बुरूज झाला. एक होडी झाली. होडीच्या टोकावर त्यांनी एक बसलेला माणूस काढला आणि मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस धक्क्यावरून आमच्याकडं यायला लागला. बंदरावरचा वॉचमन असावा. मी कंबर कसली. जिभेवर चार वाक्यं तयार होती.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा उठले. पिशवी कठड्यावर उलटी केली. डबा, बाटली, पेन्सिली. एक पेन्सिल घरंगळत खाली चिखलात पडली. मग त्यांनी दोन्ही हात अंगापासून लांब केले आणि उभे राहिले. माझ्या गेटवर बायका उभ्या राहतात, तसे.

वॉचमन बावचळला. एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, माचिस आहे का? विडी पेटवायची होती."

"नाही," मी म्हणाले. तो गेला.

मी डबा पिशवीत ठेवला, बाटली ठेवली, पेन्सिली ठेवल्या. आप्पांचे हात तसेच बाजूला. डोळे समुद्राकडं.

"आप्पा, तो गेला. बसा."

ते हलले नाहीत. मी त्यांचा दंड धरला, तरी नाही. मग जे मी रोज गेटवर म्हणायचे तेच म्हटलं.

"झालं, आप्पा. हात खाली घ्या."

ते ऐकल्यावरच त्यांनी हात खाली घेतले.