धार झाल्यावरची गोळी

पालीच्या घरात आई एकटी राहते. सकाळची रक्तदाबाची गोळी ती विसरायला लागली, तेव्हा दादाने ठरवूनच टाकलं की आता तिला पुण्याला न्यायचं. त्याचंही चुकत नव्हतं, काळजीने त्याची झोप उडाली होती. पण आईचा जीव त्या घरात आणि म्हशीत अडकलेला. मला तिचं फार वाईट वाटलं. मला येतं एकच, पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिणं, म्हणून जुन्या लॅपटॉपला बोलतं करायचं मी अंगावर घेतलं.

वेळ झाली की मराठीत आठवण करून देणारी एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येईल असा कोड, मी लिहीतच होते. अर्धीमुर्धीच होती, तशीच बसवली. सकाळी लॅपटॉप खणखणीत आवाजात म्हणाला, "सहा वाजले, गोळी घ्या." आई तेव्हा गोठ्यात. आत येईपर्यंत गोळी डोक्यातून गेलेली.

"सहा वाजल्याचं मला काय सांगतंय? धार झाल्यावर सांग म्हनावं."

मी ओसरीवर बसून वेळ पुढे ढकलली, वाक्यही बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं सहा वाजले. परत बदललं, परत तेच. आईला हसू आवरेना. "तू सांगतीस एक, त्ये बोलतंय दुसरंच." मी जाम वैतागले.

मग डोक्यात उजेड पडला. बसवताना लायब्ररीची एक नक्कल दुसरीकडे ठेवली गेली होती. प्रोग्रॅम ती नक्कल वाचत होता आणि मी मूळ फोल्डरमध्ये डोकं आपटत होते. नक्कल काढली आणि लायब्ररी 'एडिटेबल' म्हणून पुन्हा बसवली, म्हणजे प्रोग्रॅम थेट माझ्याच फोल्डरमधून वाचणार. त्यानंतर आई सांगत गेली, मी बदलत गेले. शेवटचं वाक्य तिचंच: "धार झाली असंल, गोळी घ्या."

रविवारी सकाळीच दादा गाडी घेऊन आला. आईची पिशवी त्याने डिकीत ठेवलीसुद्धा. आई दूध घेऊन आत आली, लॅपटॉप बोलला, तिने गोळी घेतली, वर पाणी प्याली.

दादा म्हणाला, "चांगलंय की. हे तिकडंही चालेल. लॅपटॉप घेऊनच जाऊ."

आईने तांब्या खाली ठेवला. "तितं म्हस न्हाई. मग ह्ये काय म्हनंल?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य बदलायला मला मिनिटही लागलं नसतं. मी लॅपटॉपला हात लावला नाही. तो उठला आणि डिकीतली पिशवी परत घेऊन आला.