आपोआप आवरणारा प्रोग्राम

अभिमनला कंपनीत अभिमन कमी आणि झाडूवाला जास्त म्हणायला हवं होतं. जळगावच्या त्या पाइपांच्या कारखान्यात ट्रकचे गेटपास काढणारे प्रोग्राम त्यानेच लिहिलेले. एका वेळी एकानेच पास काढावा म्हणून प्रोग्राम सुरू होताना एक कुलूप-फाइल बनवायचा. तो मध्येच बंद पडला की फाइल तशीच राहायची, पुढच्याचं काम अडायचं, आणि बोलवा अभिमनला! बायको प्रमिलाच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा हा बाबा धुळ्याला दवाखान्यात नव्हता, कुलूप काढत बसला होता.

बारशाला मात्र येईनच, असा शब्द त्याने तिला दिला.

म्हणून त्याने पॅकेज लिहिलं, म्हणजे इतर प्रोग्रामांना जोडता येईल असा तयार तुकडा. कुठलाही प्रोग्राम ते वापरो, संपताना पॅकेज आपणहून कुलूप पुसणार, मध्ये चूक होऊन थांबला तरी पुसणार. हेडक्लार्क भाईदासभाऊंना त्याने तीनतीनदा समजावलं. फाइलींना कुणी हात लावायचा नाही, अशी तंबीही दिली, कारण मागे एकाने कुलपासोबत सगळे पासही उडवले होते.

बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायला आणि सासऱ्यांच्या ओसरीतला फोन वाजायला एकच गाठ पडली. गेटवर ट्रक खोळंबलेले. भाईदासभाऊंनी प्रोग्राम चालू असतानाच कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटन बंद केलं होतं, शेतातली मोटर बंद करतात तसं!

"तुम्हीच सांगं व्हतं ना, आपोआप आवरी लेस म्हनीसन," भाऊ शांतपणे म्हणाले. "मंग बटन बंद करी दिन्हं."

अहो, वीजच गेल्यावर आवरणार कोण, कपाळ? अभिमनने डोकं धरलं. फाइल पुसा म्हटलं तर भाऊ तंबीची आठवण देऊन घाबरायला लागले. शेवटी एकेक अक्षर सांगून, परत वाचून घेऊन, त्याने ती पुसून घेतली. आत बायका गात होत्या, मग आत्याच्या पाठीत धपाटे पडल्याचा आवाज आला. याच्या कानाला फोन.

आत आला तेव्हा घुगऱ्या वाटणं चाललं होतं. त्याने हळूच विचारलं, नाव काय ठेवलं?

प्रमिलाने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"तुमचा प्रोग्राम संपला की आवरून मोकळा होतो म्हणता," ती म्हणाली. "तुम्ही कधी होणार?"

नाव त्याला शेजारणीने सांगितलं.